शनिवारी घेतलेला पटर

बंगळुरूमधल्या बसवनगुडीच्या सुधींद्ररावांना निवृत्तीनंतर दोनच वाटा मोकळ्या होत्या. एक गोल्फची, दुसरी कोथिंबिरीची. बँकेतून सुटल्याच्या पंधराव्या दिवशी कमलाबाईंनी त्यांच्यापुढे वर्तमानपत्र पसरून कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि त्यांनी ती इतकी नीट निवडली, की ते काम कायमचं त्यांच्या गळ्यात पडलं. पुढच्या महिन्यात त्यांना बढती मिळून मेथी आली. आता शेपूचं बोलणं चालू होतं.

तेवढ्यात शेजारचे गुंडूराव मुलाकडे टोरंटोला कायमचे गेले. गुंडूराव अठरा वर्षं दर रविवारी सकाळी आणखी तिघांबरोबर गोल्फ खेळत. ती चौथी जागा रिकामी झाली. गेलं वर्षभर त्यांनीच सुधींद्ररावांना सरावाच्या मैदानावर नेऊन खेळ शिकवला होता. जाताना आपला संचही त्यांना देऊन टाकला. पण अख्खा नव्हे. लांब मारायच्या काठ्या दिल्या, आणि वाळूच्या खड्ड्यातून चेंडू उचलून काढणाऱ्या दोन वेज व शेवटी तो भोकात ढकलणारा पटर स्वतःबरोबर विमानातून नेला.

"लांबचं कुणीही मारतो हो," ते म्हणाले. "जवळच्या काठ्या ज्याच्या त्यानं निवडायच्या."

कमलाबाईंनी त्या काठ्या घरात घेण्याआधी आजचा वार विचारला. गुरुवार होता. काठ्या आत आल्या.

चौथ्या जागेला आणखी एक उमेदवार होता. इंदिरानगरचे एक निवृत्त विंग कमांडर. त्यांच्याकडे नियमाप्रमाणे चौदाच्या चौदा काठ्या होत्या, प्रत्येक काठीला लोकरी टोपी होती, त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर पांढरी टोपी होती आणि त्यांना मागच्या रविवारी खेळवूनही पाहिलं होतं. या रविवारी सुधींद्ररावांची पाळी. चौकडीचे प्रमुख हयवदनराव हे निवृत्त न्यायाधीश. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "सकाळी साडेसहाला. संच पूर्ण करून या. उसन्या काठीचा माणूस आम्हाला चालत नाही."

खरं तर सोमवारीच दुकानात जायचं. पण सुधींद्ररावांनी आयुष्यात एकही निर्णय अभ्यासाशिवाय घेतला नव्हता. वेजच्या तळाला 'बाउन्स' नावाचा एक फुगवटा असतो. तो दहा अंशांचा असावा की बारा, यात त्यांचे सोमवार, मंगळवार आणि बुधवार गेले. गुरुवारी मठात जायचं होतं. शुक्रवारी त्यांनी वहीत तक्ता आखला आणि बारा अंश नक्की केले. मग उरला शनिवार.

इंदिरानगरच्या त्या दुकानात कमलाबाईही आल्या. जवळच राहणाऱ्या मैत्रिणीकडे त्यांना सांडगे पोचवायचे होते. दुकानातली सिद्धी नावाची मुलगी सहा महिन्यांपूर्वीच पुण्याहून आलेली. मराठी ऐकून तिला भरून आलं.

"काका, आधी तुमचा स्विंग सांगा ना. स्टीप आहे की शॅलो?"

"प्रामाणिक आहे," सुधींद्रराव म्हणाले.

तासाभरात दोन वेज नक्की झाल्या. वजनाला बेताच्या, फुगवटा बारा अंशांचा. सुधींद्ररावांनी त्या हातात घेऊन दुकानातल्या हिरव्या चटईवर चार चेंडू असे अलगद टाकले, की शेपूचं संकट कायमचं टळल्यासारखं त्यांना वाटलं.

कमलाबाईंनी एका वेजवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. "हे कशाचं गं?"

"प्युअर फोर्ज्ड स्टील, काकू. टॉप क्वालिटी!"

"म्हणजे लोखंडच की. अय्यो! आज वार कुठला?"

सुधींद्ररावांनी तक्त्याची वही हळूच मिटली.

"शनिवारी लोखंड घेत नाहीत, ठाऊक नाही तुम्हाला? त्यात तुमची साडेसाती. ठेवा ते खाली."

"अगं, उद्या सकाळी खेळ आहे! दुकान साडेदहाला उघडतं."

"काकू, आपण बिल उद्याचं करू या का?" सिद्धी मदतीला आली. "किंवा डेमो पीस म्हणून नुसते घेऊन जा."

"विकत आणलं काय नि मागून आणलं काय, शनिवारी लोखंडानं उंबरा ओलांडायचा नाही. बिडी. सोडून द्या तो विषय." मग नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांना स्वल्प दया आली असावी. "लोखंडाचं नसलेलं काही नाही का गं?"

सिद्धीनं सगळं दुकान पालथं घातलं. लोखंड नसलेली वेज काही निघाली नाही. पण एक पटर निघाला. त्याचं डोकं अस्सल पितळेचं होतं. कमलाबाईंनी त्यावर पेर आपटलं, कान लावला. देव्हाऱ्यातली घंटा दूरवर वाजावी तसा आवाज आला.

"पितळेला शनिवार नाही," त्या म्हणाल्या. "आणि ही दांडी?"

"कार्बनची. म्हणजे... काकू, समजा कोळसाच."

"कोळसा चालतो. सरी, ठीक आहे, बांधून दे."

रविवारी साडेसहाला सुधींद्रराव अपुरा संच घेऊन मैदानावर उभे होते. लांबचे फटके बरे गेले. हिरवळीजवळ आल्यावर इतर तिघांनी वेज काढल्या. सुधींद्ररावांनी तीस पावलांवरून पटर काढला आणि चेंडू गवतातून सरपटत नेला. पाचव्या भोकापाशी हयवदनराव वाळूच्या खड्ड्यात उतरले. ते उतरताच बाकीच्या दोघांनी सवयीनं फ्लास्कमधली कॉफी काढली. कॉफी संपली तेव्हा हयवदनराव सातव्या फटक्याला वर आले.

सातव्या भोकापाशी सुधींद्ररावांचा चेंडूही वाळूत गेला. त्यांनी पटरनं ढकलला. चेंडू चढ चढला, त्यानं काठावरून चौकडीकडे एकदा पाहिलं आणि परत त्यांच्या पायाशी आला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तो कसाबसा बाहेर पडला.

"सुधींद्रराव," हयवदनराव न्यायासनावरच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या वेज कुठे आहेत?"

आता संपलंच होतं. निदान खोटं बोलून तरी जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. "नाहीत. काल शनिवार होता. घरून लोखंड घेऊ दिलं नाही."

विंग कमांडरांच्या चौदा टोप्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. त्यांच्या मागोमाग शेपू.

हयवदनरावांनी स्वतःची वेज उचलून उलटसुलट पाहिली.

"मी ह्या घेतल्या त्याला अकरा वर्षं झाली," ते हळूहळू म्हणाले. "मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. लग्न रविवारी होतं."

अकरा वर्षांची वाळू सगळ्यांच्या डोळ्यांपुढून गेली.

"यावर उपाय असेल?" त्यांनी विचारलं.

सुधींद्ररावांनी तिथूनच घरी फोन लावला. कमलाबाई कुकरच्या शिट्टीतून बोलल्या, "शनिवारीच दान देऊन टाका म्हणावं. घेणाऱ्यानं खुशीनं घ्यायला हवं. आणि ऐका, तुम्ही घेऊन येऊ नका हो!"

"तुमच्या घरी असं नेहमी विचारता येतं?" हयवदनरावांनी विचारलं.

"न विचारताही येतं," सुधींद्रराव म्हणाले.

चौथी जागा त्यांना तिथल्या तिथे मिळाली. बुधवारी चौघेही कमलाबाईंना घेऊन इंदिरानगरच्या दुकानात गेले. कमलाबाई एकेक वेज वाजवून पाहत होत्या आणि एक निवृत्त न्यायाधीश पिशवी धरून उभे होते. सुधींद्ररावांच्या दोन वेजही तेव्हाच झाल्या. फुगवटा किती अंशांचा, हे कुणी विचारलं नाही.

शनिवारी हयवदनराव विंग कमांडरांकडे जाऊन आले. जागा भरल्याचं त्यांनी दिलगिरीनं सांगितलं आणि आठवण म्हणून आपल्या जुन्या वेज त्यांच्या हातात ठेवल्या. विंग कमांडरांना गहिवरून आलं. असा दिलदार माणूस आपण पाहिला नाही, असं ते म्हणाले आणि दोन्ही वेजना टोप्या घातल्या.

पुढच्या रविवारी चौकडी पाचव्या भोकाकडे निघाली होती. शेजारच्या मैदानपट्टीवर, वाळूच्या खड्ड्यातून एक पांढरी टोपी वरखाली होत होती. एकदा, दोनदा, पाचदा. सुधींद्ररावांचा पाय अडखळला.

"बघू नका," हयवदनराव म्हणाले आणि त्यांना दंडाला धरून पुढे घेऊन गेले. "कॉफी कुणाकडे आहे?"