कामावर

"कार्यालयाचा पत्ता?" घरमालकीणबाईंनी फॉर्मवरून मान न उचलता विचारलं.

"तसा काही नाही," लेक म्हणाली. "मी कुठं नोकरीला नाही. माझं स्वतंत्र काम आहे, घरूनच करते."

बाईंचं पेन थांबलं. हजेरीबाबूंनी डोळे मिटून घेतले. जिना चढताना त्यांनी लेकीला दोनदा बजावलं होतं, जुन्या कंपनीचं नाव सांगून मोकळी हो, कोण बघायला जातंय! तरी आता ती हे असं तोंडावर सांगून बसली होती.

हजेरीबाबू हे त्यांचं नाव नव्हे. चौतीस वर्षं कारखान्याच्या फाटकाशी बसून कामगारांची हजेरी लावली, म्हणून लोकांनी पाडलेलं. आठ वाजून एक मिनिटानं आलेल्या माणसापुढे 'उशीर' लिहिताना त्यांचा हात कधी कचरला नाही. सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांच्या लेखी काम म्हणजे सकाळी फाटकातून आत जाणं आणि भोंगा झाला की बाहेर येणं. मधल्या वेळात आत काय चालतं, ते त्यांनी फारसं पाहिलेलंच नव्हतं.

लेक यंत्रांची चित्रं काढायची. यंत्रासोबत जी माहितीपुस्तिका येते, तिच्यात कुठला भाग कुठं बसतो हे दाखवणारी. सहा वर्षं एका कंपनीत होती. आई अंथरुणाला खिळली, रजा मिळेना, तेव्हा तिनं नोकरी सोडली आणि आईच्या पायथ्याशी लॅपटॉप मांडून बाहेरची कामं घेऊ लागली. आई गेली, त्यालाही दोन वर्षं झाली. कामं वाढतच राहिली आणि ती परत नोकरीत गेली नाही. "मुलगी हल्ली घरीच दिसते?" असं कुणी विचारलं, की हजेरीबाबू "सुट्टीवर आहे" म्हणून वेळ मारून नेत. दोन वर्षांची सुट्टी! लोक तोंडावर हसत नसत, एवढंच.

राहतं घर दोन खोल्यांचं, आणि खाली दिवसभर पत्रे कापण्याचा कर्कश आवाज. म्हणून ती कामापुरती एक शांत खोली शोधत होती. अकरा ठिकाणांहून नकार घेऊन आली होती. आज पहिल्यांदाच तिनं बाबांना सोबत आणलं होतं.

घरमालकीणबाई निवृत्त परिचारिका होत्या, मोजकं बोलणाऱ्या. मागचा भाडेकरूही असंच स्वतःचं काहीतरी करायचा, एक दिवस कुलूप लावून गेला तो गेलाच, असं त्यांनी सांगितलं. पोरीवर राग नाही, पण नोकरी असली की माणसाला बूड असतं. कुणी जबाबदार माणूस तिच्याबद्दल लिहून देत असेल, तर बघू.

लेकीनं पर्स खांद्याला लावली. चेहऱ्यावर काही नव्हतं. अकरा वेळा उठून आलेल्या माणसासारखी ती शांतपणे उठली. ते शांत उठणंच हजेरीबाबूंना लागलं.

त्यांना कारखान्यातला म्हातारा फिटर आठवला. मागच्या वर्षी लेकीला एक पंप आतून बघायचा होता, म्हणून नाइलाजानं ते तिला त्याच्याकडे घेऊन गेले होते. चार तास ती जमिनीवर बसून होती, कोपरापर्यंत ग्रीस. एकेक नट तिनं फिरवून पाहिला. आठवड्यानं चित्र पाठवलं, तेव्हा कुणाला बरं म्हणणं माहीत नसलेला तो फिटर म्हणाला होता, "बाबू, तीस वर्षं मी नव्या पोरांना जे समजावू शकलो नाही, ते हिनं एका कागदावर मांडलंय." हजेरीबाबूंनी ते घरी येऊन लेकीला सांगितलं नव्हतं. का नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मी देतो लिहून," ते म्हणाले.

"तुम्ही वडील आहात," बाई म्हणाल्या.

"वडील म्हणून नाही. चौतीस वर्षं लोकांची हजेरी लिहिलीय मी, खोटी नोंद एकही नाही. खोटं बोललो ते हिच्याबद्दल, शेजाऱ्यांशी. लाज वाटायची मला." त्यांनी लेकीकडे हात केला. "हिची आई आठ महिने पडून होती. औषधाची एक वेळ हिनं चुकवली नाही आणि एक चित्र उशिरा पाठवलं नाही. मी घरातच होतो, बघत होतो. असा कामाचा माणूस आमच्या फाटकातून आत गेलेला मला आठवत नाही."

लेकीनं पर्स खांद्यावरून उतरवली.

बाईंनी चष्मा काढला. हजेरीबाबूंकडे न बघता त्यांनी तिलाच विचारलं, "आठ महिने पडून? पाठीला जखमा किती झाल्या होत्या?"

"एकही नाही. मी दर दोन तासांनी तिची कूस बदलायचे."

"रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग कार्यालयाच्या पत्त्याचा रकाना कोरा ठेवूनच त्यांनी फॉर्मखाली सही केली आणि सामान कधी आणतेस, म्हणून विचारलं.

पुढच्या सोमवारी इलेक्ट्रिशियन पंखा बसवायला आला, तर नव्या खोलीच्या दाराबाहेर हजेरीबाबू उभे. आतून लेकीचा आवाज येत होता. काम देणाऱ्या कंपनीच्या कुणाला तरी ती फोनवर ठामपणे सांगत होती, की झडप आधी बसते, रबर नंतर, आणि तुमच्याच कागदात ते उलटं छापलंय.

इलेक्ट्रिशियननं दारावर ठोठावायला हात उचलला. हजेरीबाबूंनी तो हळूच खाली केला.

"जरा दम धरा. मुलगी कामावर आहे."

त्यांनी हातरुमालानं वरची पायरी झटकली, त्याला बसायला जागा दिली, आणि स्वतः मात्र दाराशी ताठ उभे राहिले.