खाटेवरची डाळिंबं

सांगोल्याच्या पश्चिमेला, ओढ्याकाठी आबासाहेबांची वस्ती. तिथली सकाळ सुनांच्या हातांनी उजाडायची. थोरली सुलन आधी उठायची, फरशीवरची वाकळ गुंडाळून कोपऱ्यात ठेवायची आणि शेळ्यांच्या धारा काढायला बसायची. धाकटी ऋतुजा अंगण झाडून सडा टाकायची, मग चूल पेटवायची. चहा उकळला की सासूबाई, सारजाबाई, गाळणी स्वतःच्या हातात घ्यायच्या. साखर किती पडली हे त्यांना पाहायचं असे. सासरे आबासाहेब ओसरीवरच्या लोखंडी खाटेवर बसून पहिला कप घेत.

त्या दिवशी शेळ्या ओरडत राहिल्या.

"आत्याबाई, अक्का उठंनात," ऋतुजा म्हणाली. "पोटात मुरडतंय म्हंत्यात. डोळंच उघडंना झाल्यात."

"डाळिंबाची तोड हाय म्हणल्यावर उघडतील कसं?" सारजाबाई चहा गाळत म्हणाल्या. "आमाला न्हाय कदी मुरडलं ते. ऊठ म्हणावं, व्यापारी गाडी घिऊन यील आत्ता."

सुलन उठली. भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच बसली. पापण्या मिटत होत्या, थुंकी गिळता येत नव्हती. "घसा धरलाय गं," एवढंच ती कशीबशी बोलली. सहा वर्षांच्या सृष्टीला तो खेळ वाटला. ती आईच्या पापण्या बोटांनी वर करायची, सोडायची, हसायची.

सुलनचा नवरा अभिमन्यू गाडी भरून झाल्यावर जीप शोधायला गेला. सांगोल्याच्या अलीकडेच तिचा श्वास थांबला. दवाखान्यात कानामागचे दोन बारीक ठिपके दाखवून डॉक्टर म्हणाले, मण्यार.

तेरावा झाल्यावर डॉ. सिद्धेश्वरी वस्तीवर आल्या. सोलापूरच्या या बाई काही वर्षं एकाच गोष्टीमागे होत्या. मण्यार रात्री अंथरुणात शिरतो, झोपलेल्या माणसाला चावतो आणि चावल्याचं कळतही नाही. तर तो चावूच नये यासाठी काय करावं? उत्तर साधं होतं. भुईवर झोपू नये आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचावी. म्हणून गेल्या वर्षी त्यांनी इथं घरटी दोन खाटा दिल्या होत्या, भुईवर झोपणाऱ्या बायकांसाठी. दिल्या मात्र घरच्या कर्त्या पुरुषाच्या हाती. सासू-सासऱ्यांदेखत सुनेनं खाटेवर बसायचं नसतं, हे त्यांच्या आईनं त्यांनाही शिकवलं होतं. खाटा वाटताना ते त्यांना आठवलं नव्हतं.

दुःखाचं घर म्हणून बाई आत गेल्या नाहीत. ओसरीच्या कडेला टेकल्या.

"लई गुणाची हुती हो माजी सून," सारजाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "उलटा सबूद न्हाय कदी. आन कामाला तर वाघ."

मेल्या म्हशीला मणभर दूध, असं उंबऱ्याआड उभ्या असलेल्या ऋतुजाच्या मनात आलं.

"आबा, विचारायला जड वाटतं," डॉक्टर म्हणाल्या. "त्या रात्री सुलन कुठं झोपली होती?"

"खाटंवर की! तुमी दिल्याल्या. मच्छरदानी खोचून."

"खाटेवर? नक्की?"

"म्हंजी? आमी काय सुना भुईवर टाकतोय व्हय? इच्चारा की कुनालाबी."

कोपऱ्यात बसलेला अभिमन्यू मुंडण केलेलं डोकं खाली घालून नखानं फरशी खरवडत राहिला.

डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे माझाच हिशेब चुकला. खाटेवर, मच्छरदाणीत असूनही साप चावत असेल, तर पुढच्या वस्त्यांना खाटा देण्यात अर्थ नाही. पावसाळ्याआधी वाटायच्या होत्या. त्या थांबवते."

"थांबवाच," सारजाबाई म्हणाल्या. "आन ह्याबी घिऊन जावा. पांढऱ्या पायाच्या मेल्या! घरात आल्या आन मानूस खाल्लं."

"माजी तेवढी ऱ्हाऊ द्या," आबासाहेब घाईनं म्हणाले. "भुईवर कंबर धरती माजी."

"बगा मॅडम, झालं ते झालं," सारजाबाई पुढं म्हणाल्या. "अभ्याला आता दुसरी बगायला पायजे. सुलनची धाकटी भन हाय की. पोरीला आई नगं व्हय?"

ऋतुजानं माजघराकडे वळून पाहिलं. दुसरी खाट भिंतीला लागून होती, तिच्यावर उरलेल्या डाळिंबांचे कॅरेट एकावर एक रचलेले. खाली, फरशीच्या त्याच तुकड्यावर, सृष्टीची वाकळ आजही अंथरलेली होती. उद्या येणारीची वाकळही तिथंच पडणार होती.

तिनं पहिला कॅरेट उचलून खाली ठेवला. मग दुसरा. खाट रिकामी झाल्यावर तिनं ती पायाकडून धरून ओढायला सुरुवात केली. शहाबादी फरशीवर लोखंड असं करकरलं, की ओसरीवरचं बोलणं थांबलं. उंबरा ओलांडून खाट आबासाहेबांच्या खाटेशेजारी येऊन उभी राहिली. तिच्या पत्र्यावर फुटक्या डाळिंबांचा रस वाळून काळा झाला होता. मच्छरदाणी पायाला टांगलेली होती, न उघडलेल्या पिशवीत.

"मॅडम, अक्का फरशीवर झोपायच्या, माज्या शेजारी," ऋतुजा हळू म्हणाली. "हितं डाळिंबं झोपत हुती. उंदरं खात्यात म्हनून."

"आत हो!" आबासाहेब उठले. "जीब हासडीन."

"हिच्या न्हवऱ्याला फोन लाव पुण्याला," सारजाबाई किंचाळल्या. "आजच्या आज म्हायेरला घाल सटवीला!"

अभिमन्यूनं फोन काढला. लावला नाही, हातातच धरून बसला.

डॉक्टर उठल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. मग त्यांनी पिशवी सोडवली, फाडली आणि मच्छरदाणीची घडी उलगडू लागल्या.

ऋतुजानं सृष्टीची वाकळ अंगणात नेऊन झटकली, उलटीपालटी करून पाहिली आणि खाटेवर पसरली. माजघरातून सृष्टीला उचलून आणलं आणि भिंतीच्या बाजूला निजवलं. दिवस अजून मावळायचा होता. सासरे समोर उभे होते, सासू तिच्या माहेरच्या सात पिढ्या काढत होती.

तिनं डोईवरचा पदर नीट केला, खाटेवर बसली आणि पाय वर घेतले. ते तिनं पुन्हा खाली सोडले नाहीत.