तिसरा रकाना

“ज्या दिवशी माणूस यंत्रापुढे मान वाकडी करील, त्या दिवशी संस्कृती संपली म्हणून समजा!” राजेसाहेबांनी भरदार आवाजात जाहीर केलं आणि टॅबलेटवरचं वाचायला मान वाकडी केली.

टॅबलेट त्याच्या स्टँडवर आडवा होता, आतलं पान मात्र उभंच. नव्या प्रयोगाचा तक्ता असा भिंतीवरच्या पालीसारखा वाचावा लागत होता.

राजेसाहेब हे टपाल खात्यातले निवृत्त कारकून. हौशी नाटकमंडळीत बावीस वर्षं राजाच करत आल्यामुळे बायको सोडून सगळे त्यांना राजेसाहेब म्हणत.

“अहो, ते पडदा फिरण्याचं कुलूप उघडलंत का?” वाटाणे सोलता सोलता बायकोनं विचारलं.

“उघडलं.”

“बंद करून चालू?”

“दोनदा.”

“मग बातम्या फिरतात का बघा.”

बातम्या फिरल्या. नातवाचे फोटो फिरले. हवामान तर नको इतक्या उत्साहानं फिरलं. नाटकमंडळीचं ॲप तेवढं ताठ.

“म्हणजे टॅबलेट बिचारा धडधाकट आहे. त्या ॲपलाच कोणीतरी बजावून ठेवलंय. त्याच्या सेटिंगमध्ये शिरा.”

राजेसाहेब शिरले. ‘पडद्याची दिशा : फक्त उभी.’

“हे कोणी केलं?”

“रविवारी कोण आलं होतं?”

रविवारी प्रॉम्प्टर आला होता. बावीस वर्षं विंगेत बसून राजेसाहेबांना शब्द पुरवणारा माणूस. लेकीच्या लग्नातलं भाषणसुद्धा त्यानंच पाठीमागून सांगितलं होतं. दोन कप चहा पिऊन त्यानं ॲप घालून दिलं आणि बजावलं, “आता याला हात लावू नकोस राजे, बिघडेल.”

राजेसाहेबांनी ‘आपोआप’वर बोट टेकवलं. पान कूस बदलल्यासारखं वळलं. उभ्या पानात दोनच रकाने दिसायचे, भूमिका आणि नट. आडव्यात तिसराही मावला : ‘या प्रयोगापासून बदल’.

‘राजा’पुढे राजेसाहेबांचं नाव होतं. त्यापुढे, तिसऱ्या रकान्यात, प्रॉम्प्टरचं.

त्यांनी टॅबलेट उभा केला. नाव गेलं. आडवा केला. आलं. आणखी एकदा करून पाहिलं. बायकोचे हात थांबले.

गेल्या प्रयोगात दुसऱ्या अंकात ते थांबले होते, हे खरं. त्याला ते अर्थपूर्ण विराम म्हणत. तो विराम इतका अर्थपूर्ण झाला की अख्खं स्वगत शेवटी विंगेतूनच ऐकू आलं. टाळ्या कडाडल्या. त्या राजेसाहेबांनी वाकून स्वीकारल्या होत्या.

त्यांनी फोन लावला.

“तू लपवलंस माझ्यापासून.”

पलीकडे शब्द पुरवणाऱ्यालाच शब्द सापडत नव्हता.

“सांगायचं काम सगळ्यांनी माझ्या गळ्यात मारलं रे,” प्रॉम्प्टर अखेर म्हणाला. “रविवारी त्यासाठीच आलो होतो. तू दारातच स्वगत सुरू केलंस. धीर नाही झाला.”

“म्हणून ॲप बांधून ठेवलंस?”

“म्हटलं, चार दिवस तरी मिळतील.”

“तुला की मला?”

राजेसाहेबांनी टॅबलेट पुन्हा जवळ ओढला.

“आणि विंगेत कोण बसणार?”

“जरा खाली सरकव.”

राजेसाहेबांनी बोट वर ढकललं. शेवटच्या ओळीत, तिसऱ्या रकान्यात, ते स्वतःच होते.

“तुला काय, नाटक पाठच आहे,” प्रॉम्प्टर घाईघाईनं म्हणाला.

राजेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“नाही,” ते म्हणाले. “कधीच नव्हतं.”

“माहीत आहे मला. माझी वही देतो ना.”

राजेसाहेबांनी सोललेला एक वाटाणा तोंडात टाकला.

“राजे, रागावला असशील. रागाव. पण एक विचारू?” प्रॉम्प्टरनं आवाज विंगेतल्याइतका खाली आणला. “ती राजाची मिशी कशानं चिकटवतोस रे? माझी पहिल्याच वाक्याला सुटते.”