लुचियाबाईसाठी घेतलेली चंद्रकळा

मी चंद्रकळा बोलतेय. काळ्या अंगाची, लाल काठाची, पुरी नऊवारी. संक्रांत आली की बायका मला शोधत येतात आणि संक्रांत सरली की ढुंकूनही बघत नाहीत. काळा रंग म्हणे अशुभ! डोळ्यांत रोज काजळ घालणाऱ्यांनी हे म्हणावं, म्हणजे कमालच झाली.

कादरभाई मोमीन यांच्या मागावर माझा जन्म झाला. त्यांची बायको चांदबी सुताच्या कांड्या भरून द्यायची. काठ विणताना कादरभाई असे गुंगून जात की तिनं हाक मारली तरी ओ देत नसत. एवढ्या जिवापाड विणलेली मी, पण संक्रांत हुकली आणि उंद्रीच्या बाजारातून दर खेपेला घडी न मोडता परत जाऊ लागले. फार खट्टू झाले होते मी.

मग एका बाजाराला कोकिळा आली.

"भाऊ, काळं लुगडं दाखवा. लई दूर न्यायचं हाय."

"माहेरी का, बाई?"

"हाव. इटलीले."

कादरभाई हसले नाहीत. कोकिळेचा नवरा निवृत्ती मोठ्या लढाईवर गेला होता आणि पायानं लंगडा होऊन परतला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. इटलीत सान रोको नावाच्या समुद्रकाठच्या गावी, लुचिया नावाच्या एका विधवेच्या घरी तो हिवाळाभर जखमी होऊन पडून होता. त्या बाईनं त्याला मक्याचा घाटा भरवून जगवलं.

घरी आल्यावर मात्र निवृत्ती मुका झाल्यासारखा झाला. शेतात जायचा, जेवायचा, भिंतीकडे बघत बसायचा. त्या गावाचं नाव निघालं तरच तोंड उघडायचा. कोकिळेनं हे ताडलं आणि ते गाव घट्ट धरून ठेवलं. रोज भाकरी थापताना ती तिकडचं विचारायची. विचारता विचारता एक दिवस म्हणाली, "आपुन जाऊ ना तिथं." एवढा पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न त्या घरात कुणी काढला नाही.

मी दांडीवर घडी होऊन ऐकत असायची.

"कापूस घरात आला का निंघू," निवृत्ती म्हणायचा. "पेरणीच्या आंधी वापस."

"अन् परवाना?"

"नागपूरले अर्ज करा लागते. मुक्काम लुचियाबाईच्याच घरी. सकाळी एखादं गाव पाह्यचं, सांजीले घरी यायचं. टेकडीवर त्याईचं देऊळ हाय. खाली मासोळीचा बाजार."

"मले वास नाई सोसत."

"मंग तू समुद्रात पाय टाकून बस."

"लुगडं वलं नाई होत?"

"होते. वाळतेबी!" म्हणून निवृत्ती हसला. चुलीपाशी त्याच्या आईचा, मनकर्णाबाईंचा हात परातीतच थांबला. पोरगा हसला होता.

कोकिळेला मात्र नुसतं गाव बघायचं नव्हतं. तिचे आईबाप ती रांगत होती तेव्हाच तापानं गेले. चुलत्यानं लग्न लावून दिलं आणि हात झटकले. दिवाळीला गावातल्या सुनांना न्यायला माहेरची बैलगाडी यायची, हिच्यासाठी कधी कुणी आलं नाही. "ज्या बाईनं माह्या मानसाले जितं ठेवलं, ती माह्यी मायच," असं ती पाणवठ्यावर सगळ्यांना सांगायची. आणि आईकडे रिकाम्या हातानं कोण जातं? म्हणून मी.

मनकर्णाबाईंनी मला पाहून नाक मुरडलं. "काळं? अन् बिनकुंकवाच्या बाईले लाल काठ?"

"नवरा गेला का तिकडच्या बाया काळंच नेसतात, आत्याबाई. तिकडं काठाचं कोन पाह्यते?"

मनकर्णाबाई परत चुलीकडे वळल्या. नवरा गेल्यापासून त्याही बिनकाठाचंच नेसत. घरात कुणी नसलं की त्या माझ्या काठावरून हळूच बोट फिरवत. मला त्यांचा राग येईनासा झाला.

कोकिळेनं जाऊबाई गीताबाईंकडे म्हैस सांभाळायचं कबूल करून घेतलं. वाटेवर खायला बाजरीच्या खारोड्या वाळवल्या. एका दुपारी निवृत्ती अंगणात दोर वळत होता, तेव्हा ती म्हणाली, "आता लुचियाबाईले कळवा. असं अचानक जाऊ नाई कोनाच्या घरी."

"कळवू मंग."

"काल बी मंगच म्हनलं तुमी."

दोर त्याच्या हातातून सुटला. "कोनाले कळवू, कोकिळे? ती नाई राह्यली. मी पानी आनाले गेलतो अन् घरावर गोळा पडला. वापस आलो त घर बी नाई अन् ती बी नाई."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू इचारलं का ते घर पुना उभं राह्ये. माह्यानं ते पाडवलं नाई."

मला निवृत्तीचा संताप आला. आणि खरं सांगते, त्याची कीवही आली. आता कोकिळा मला चुलीत घालणार, अशी माझी खात्री झाली.

तिनं मला हातही लावला नाही. विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि कोपऱ्यात वेगळी बसली.

गीताबाई धावत आल्या. "कोनाचं सुतक वं?"

"माह्या मायचं. मले आज कळलं."

लग्न झालेल्या लेकीला आईचं सुतक तीन दिवस असतं. कोकिळेनं ते पुरं धरलं. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. निवृत्ती तिच्या हातात पाण्याचा तांब्या देऊन समोर बसून राही.

सुतक फिटलं की जवळच्या माणसांनी दुखवट्याचं लुगडं आणायचं असतं. कोकिळेकडे कोण आणणार? ती न्हाऊन आली. मनकर्णाबाईंनी मला दांडीवरून काढलं आणि तिच्या ओटीत ठेवलं.

"नेस. तुह्या माहेरचं हाय."

तेव्हा कोकिळा रडली. अशी रडली की माझी वरची घडी भिजून गेली, आणि तशीच ओली ती मला नेसली.

आता मी विरत चालले आहे, काठाचे धागे सुटलेत. पण दिवाळीला गावातल्या सुना माहेरी निघाल्या की कोकिळा मला नेसते आणि निवृत्तीसोबत दारात बसते. तुमच्यापैकी कुणी कधी त्या समुद्रकाठी गेलंच, तर माझं एवढं काम करा. जिथं लुचियाबाईचं घर होतं तिथं जरा उभे राहा आणि सांगा, बाई, वऱ्हाडात तुमची एक लेक आहे. तिनं तुमचं सुतक धरलं.