वकिलाला आलेली सात पत्रं

स्वानंदीने चौथं पत्र तिसऱ्यांदा वाचलं. ही पत्रं पत्नीची नव्हती.

अमेरिकेत नेपरव्हिलला राहणाऱ्या उत्तराकाकूंकडे मोडी लिपीतली सात पत्रं होती. त्यांच्या दिवंगत यजमानांचे, डॉक्टर हेमचंद्रांचे, पूर्वज त्र्यंबकपंत अठराव्या शतकात कलकत्त्याला इंग्रजांकडे मराठ्यांचे वकील होते. आजच्या भाषेत राजदूत. मागे राहिलेली बायको त्यांना पत्रं लिहायची, असं हेमचंद्र सगळ्यांना सांगत. ती वाचता मात्र कोणालाच येत नव्हती. स्वानंदी पुण्यात मोडी शिकलेली. इथे ती सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. पहिली दोन पत्रं चाळून तिनेच फोनवर सांगितलं होतं, "हो काकू, पत्नीचीच वाटतायत." त्या भरवशावर तिथल्या मराठी मंडळाच्या शैलेंद्रने रविवारच्या कार्यक्रमाचं फ्लायर सगळ्यांना पाठवलं: 'एका पत्नीची पत्रं'.

चौथ्या पत्रात लिहिलं होतं: 'आपण सभेत बोलिलात ते पडद्याआडून ऐकिले. तेव्हापासून दुसरे कोणाचे बोलणे कानी राहत नाही. मी विधवा. कळल्यास माझी गत काय होईल हे आपण जाणता. पत्र वाचून फाडून टाकावे.' खाली नाव होतं.

शनिवारी सकाळी तिने शैलेंद्रला फोन केला.

"यार, साठ लोक येतायत," तो म्हणाला. "पत्नीची म्हणूनच वाच बिनधास्त. कोणाला मोडी येतंय?"

"मला येतं ना."

काकूंच्या दारात ती दहा मिनिटं गाडीतच बसून राहिली. काचेवर बर्फ साचत होता. शेवटी आत गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"तू तर पत्नीची म्हणालीस," काकू म्हणाल्या.

"चुकले, काकू. नीट न वाचताच बोलले."

काकूंनी गॅस बंद केला. "ह्यांनी चाळीस वर्षं ही गोष्ट सांगितली. उद्या वैदेहीवन्सं पुढच्याच रांगेत बसणार. भावाची गोष्ट ऐकायला डेट्रॉइटहून आल्यात त्या." मग खुर्चीत बसून म्हणाल्या, "वाच. सगळी वाच."

स्वानंदी वाचत गेली. सातव्या पत्रात होतं: 'दोन वर्षे झाली, उत्तर नाही. आता लिहिणार नाही. आपला दमा कसा आहे, इतके कोणाकडून तरी कळवावे.'

"दिलं असेल का हो त्यांनी उत्तर?" स्वानंदीने विचारलं.

"कोणास ठाऊक. फाडली मात्र नाहीत." काकू पत्रांकडे बघत राहिल्या. "आणि बायकोचं एकही नाही ठेवलेलं."

कार्यक्रम रद्द करा म्हणतील, असं स्वानंदीला वाटलं.

"उद्या मी बोलते," काकू म्हणाल्या. "पण तिचं नाव कुठे येता कामा नये."

चौथ्या पत्रातलं नाव देवनागरीत लिहिलेल्या स्लाइड्स स्वानंदीने कालच शैलेंद्रला पाठवल्या होत्या. तिने त्याला फोन लावला, तो उचलेना. पाचव्यांदा उचलला. ग्रुपवर टाकायला त्याने फाइल उघडलीच होती.

"थांब! टाकू नकोस," ती ओरडली.

रविवारी काकू माइकपुढे उभ्या राहिल्या. "फ्लायरवर चुकीचं छापलंय. ही पत्रं आमच्या पूर्वजांच्या पत्नीची नाहीत."

खुर्च्या करकरल्या. वैदेहीताईंचा चेहरा एकदम कडक झाला. स्वानंदीने देवनागरीत उतरवून दिलेलं सातवं पत्र काकूंनी सावकाश वाचलं आणि खाली बसल्या. टाळ्या वाजायला वेळ लागला.

कार्यक्रमानंतर वैदेहीताई काकूंजवळ आल्या. "दादाला हे कळलं असतं तर?"

"चिडले असते," काकू म्हणाल्या. "दोन दिवस."

"कोण होती ती?"

"ते नका विचारू, वन्सं."

वैदेहीताईंनी कोट चढवला, बटणं लावली. स्वानंदीला वाटलं, आता त्या निघून जातील. मग त्यांनी हात पुढे केला.

"किल्ली दे, वहिनी. ड्राइव्ह मी करते."