महिनाभर कोरडं

दादाचा फोन आला तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. दोन वर्षं ज्याला आपल्याला बहीण आहे याची आठवण नव्हती, तो आज मऊ आवाजात म्हणाला, "चिमे, जरा दुकानात येतेस? बाबांचं शेवाळ गेलं गं."

खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. मग आनंद झाल्याची लाज वाटली, पण ती काही फार वेळ टिकली नाही.

काचपेट्यांत इवल्या बागा करून विकायचं हे दुकान बाबांचं. भिंतींवरून, कौलांवरून चाकूने अलगद सोडवून आणलेलं शेवाळ त्यांनी एका मोठ्या पेटीत लावलं आणि पेटी लेकीच्या ताब्यात दिली. ती विकायची नव्हती. बाकी पेट्यांना लागणारं शेवाळ हिच्यातूनच चिमूट-चिमूट घ्यायचं. एकोणीस वर्षं तिने ते पोरासारखं सांभाळलं. बाबा गेले आणि दादाच्या डोक्यात शिरलं, की बहीण चिमटीचिमटीने शेवाळ घरी नेते आणि परस्पर विकते. एके दिवशी भर गिऱ्हाइकांसमोर त्याने तिची पिशवी टेबलावर उलटी केली. डबा, छत्री, कंगवा, एवढंच निघालं. चुकलं म्हणायचं सोडून दादा म्हणाला, "आज नसेल नेलं." ती तशीच उठली आणि बाहेर पडली. शेवाळाची एक काडीसुद्धा तिने बरोबर घेतली नाही. त्याला बोलायला जागा नको.

आज ती दुकानात पोचली तेव्हा पेटी तपकिरी पडली होती, मातीवर क्षारांचा पांढरा थर.

"नळाचं पाणी मारलंस?"

"पावसाचं साठवत बसायला वेळ कुणाला आहे?"

तिने वास घेतला. कुजल्याचा नव्हता. चिमट्याने एक काडी उचलून तिने पर्समधल्या बाटलीतल्या पाण्याच्या थेंबात ठेवली आणि भिंग धरलं. बघता बघता मिटलेली पानं एकेक करून उघडली. जिवंत होतं!

"पंधरा दिवसांनी ही पेटी नव्या ग्रंथालयाच्या उद्घाटनाला द्यायचीय," दादा म्हणाला. "तू घरी ने, हिरवं कर, आणून दे."

आणून दे! तिच्या अंगाची लाही लाही झाली. आपण जीव ओतायचा आणि टाळ्या याने घ्यायच्या. भावाला ती आतून-बाहेरून ओळखून होती. मग तिने त्याला सगळं खरं सांगितलं.

"पावसाच्या पाण्याने एकदाच धू. झाकण काढून सावलीत ठेव. मग महिनाभर थेंबही घालायचा नाही, कडकडीत वाळू दे. त्यानंतर फवारलंस की हिरवं होईल."

दादाचे डोळे बारीक झाले. "महिनाभर? उद्घाटन होऊन जाईल तोवर."

"दुसरी पेटी दे त्यांना."

"अहो, करून तरी बघा," पलीकडून वहिनी म्हणाली.

"तू गप्प बस. मरायला टेकलंय आणि पाणी तोडा म्हणे! ही मला बुडवायला आलीय."

भिंगाखालची उघडलेली पानं एकदा दाखवली असती तर त्याचा विश्वास बसला असता. तिने बोटाने तो थेंब पुसला, भिंग पर्समध्ये टाकलं आणि घरी आली.

नवव्या दिवशी फोन आला. त्याने भरपूर पाणी घातलं होतं, वर खत, घट्ट झाकण, आणि दिवसभर दिवा.

"काळं पडलंय सगळं. वासाने दुकानात उभं राहवत नाही. तू मुद्दाम खोटं सांगितलंस!"

"दादा, मी सांगितलं तसं केलंस का?"

पलीकडे कुणी काही बोललं नाही. पिशवी उलटी झाल्या दिवसापासून ती याच क्षणाची वाट बघत होती. कानाला फोन घट्ट लावून तिने ती शांतता पोटभर ऐकली.

मग दादाचा आवाज आला, पार उतरलेला. "बादलीत काढलंय. टाकायला जीव होत नाही, बाबांचं आहे. तुला हवंय का त्यातलं काही?"

बादलीभर चिखलात एखादी काडी तगली असेल, आणि एका काडीपासून पेटी भरते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण हवंय म्हणायचं म्हणजे आपलंही काही गेलं, हे त्याला कळू द्यायचं.

"नको," ती म्हणाली. या सगळ्या प्रकरणात ती खोटं बोलली ते एवढंच.