सगळं काही एकशे पंचेचाळीस

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. तापाचा नाही, डांबराचा. वाटीएवढी गोल तबकडी, तिच्यावर काच आणि खाली वीतभर दांडी, असं माझं रूप. रस्त्यावर पसरायचा गरम माल डंपरमधून आला की दांडी त्यात खुपसायची आणि सुई काय म्हणते ते वाचायचं, एवढंच माझं काम. त्यात कठीण काही नव्हतं. तरी चौदा महिने मी ते केलं नाही, आणि त्याच चौदा महिन्यांत माझी सगळ्यात जास्त तारीफ झाली. लाज वाटते, म्हणून सांगतो.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते पाठीवर लिहिलेलं होतं. तिथे डांबर बसलं, तेव्हापासून मला आईबाप नाहीत. मध्य प्रदेशात सौंसरकडे रस्त्याच्या कामावर आलो तो थेट चिंधूभाऊच्या हातात. चिंधूभाऊ म्हणजे आमच्या कामावरचा मुकादम. तीस वर्षं त्याने डांबरच पसरवलं. माल आला की तो त्याच्यावर वीतभर अंतरावर तळहात धरायचा, धूर हुंगायचा आणि म्हणायचा, एकशे अडतीस. मग मला खुपसायचा. मी कधी एकशे छत्तीस म्हणायचो, कधी एकशे चाळीस. दोन-तीन अंशांच्या वर आमचं कधी भांडण झालं नाही.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा होते. रोलरला हार, फावड्यांना हळदकुंकू. पावसाळ्यानंतरचा पहिला डंपर नेमका तेव्हाच आला. मला त्या गरम मालात उभं केलं आणि सगळ्यांनी हात जोडले. सुई एकशे पंचेचाळीसवर होती. रोलर चालवणाऱ्या वीरेंद्रने नारळ माझ्याच डोक्यावर ओवाळून फोडला. माझी काच आधीपासून तडकलेली. नारळाचं पाणी आत गेलं, मागोमाग कुंकू गेलं, आणि आरती लांबली. आरती संपेपर्यंत ते आतमध्ये शिजून चिकट झालं होतं. मला बाहेर काढून पुसलं, थंड केलं. सुई एकशे पंचेचाळीसवर. संध्याकाळी एकशे पंचेचाळीस. दिवाळीतही एकशे पंचेचाळीस.

आता एकशे तीसच्या वर माल चांगला समजतात. त्यामुळे प्रत्येक डंपर पास होऊ लागला. साइटवरचे सुपरवायझर अतुलसाहेब म्हणाले की पूजा केल्यापासून हा थर्मामीटर सुधारला. मला पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवू लागले. एकदा वीरेंद्रच्या अंगात कणकण होती, तर त्याने मला काखेत धरलं. एकशे पंचेचाळीस. त्याला दोन दिवस सुटी मिळाली. माणूस इतका तापतो का, असं कुणी विचारलं नाही. वीरेंद्रला विचारायची गरज नव्हती.

इथवर हसायला हरकत नाही. यापुढचं मला सांगवत नाही.

त्या हिवाळ्यात चिंधूभाऊच्या स्वतःच्या गावाचा रस्ता निघाला. लोधीखेड्याच्या अलीकडे, संत्र्याच्या बागांमधून, तीन किलोमीटर. एका सकाळी डंपर फार उशिरा आला. चिंधूभाऊने तळहात धरला, पुन्हा धरला, मग म्हणाला, "साहेब, माल थंडा वाटून राहिला."

अतुलसाहेबांनी मला खुपसलं, वाचलं आणि त्याच्यासमोर धरलं. "एकशे पंचेचाळीस. काहून चिंधूभाऊ, यंत्र खोटं बोलते का?"

चिंधूभाऊ कितीतरी वेळ आपल्या तळहाताकडे पाहत राहिला. मग त्याने तो पँटला पुसला आणि म्हणाला, "टाका."

मित्रांनो, मला वाचा नाही, ही सबब आहे. सुई तर होती. एक अंश जरी हलली असती तरी पुरे होतं. पण मी गळ्यात तारीफ घालून गप्प राहिलो.

पहिल्याच पावसाळ्यात तो रस्ता सुटला. गिट्टी एकीकडे, डांबर एकीकडे. संत्रेवाला देवीदास भरपंगतीत म्हणाला, "चिंधूभाऊ, तुया रस्त्यानं गेलं त संत्र्याचा रस टोपल्यातच निंगते. मशीन घ्याची गरज नाई." पंगत हसली. चिंधूभाऊही हसला, पण जेवणावरून लवकर उठला. मी डब्यासकट त्याच्याच पिशवीत असायचो, म्हणून मला माहीत आहे: घरी गेला की तो चुलीवरच्या तव्यावर तळहात धरायचा आणि बायकोला विचारायचा, "वच्छला, तपला काय?" वच्छलाकाकू म्हणायच्या, "तुमाले नाई समजत का?" तो म्हणायचा, "समजत होतं."

हिवाळ्यात काम पुन्हा सुरू झालं तेव्हा अतुलसाहेबांनी सांगून टाकलं की चिंधूभाऊचा हात म्हातारा झाला. सोमवारपासून त्याने वळणावर लाल झेंडी घेऊन बसावं. तीस वर्षांचा मुकादम, आणि झेंडी. तो हो म्हणाला. त्याचाच त्याच्या हातावर विश्वास उरला नव्हता, आणि तो मी खाल्ला होता.

त्याच शनिवारी नवे नियम आले. ते घेऊन नव्या इंजिनिअर वृषालीमॅडम आल्या. वय पंचविशीचं, पायात मोठे बूट, बोलणं थोडं. आता प्रत्येक डंपरचं तापमान तीन ठिकाणी घ्यायचं, फोटोसकट. रस्ता झाल्यावर दुसऱ्या दिवशी मशीनने त्याचा गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत न्यायचा. आणि रोज सकाळी थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासायचा; शंभरच्या आसपास दाखवलं तरच कामावर घ्यायचा.

उकळतं पाणी फक्त कलाबाईंच्या चहाच्या टपरीवर होतं. त्यांनी पत्ती टाकायच्या आधी मला पातेल्यात धरलं. सगळे वाकले.

एकशे पंचेचाळीस.

कलाबाई म्हणाल्या, "माया चहा तेज असते म्हणतात, पण इतका?" अतुलसाहेबांचं म्हणणं पडलं की गॅसचं सिलिंडर नवं असेल. मॅडमनी शेजारच्या रसवंतीतून बर्फाची लादी मागवली आणि मला तिच्यावर ठेवलं. मी मनातल्या मनात जोर लावला. अख्खं आयुष्य लावलं. बर्फ एकशे पंचेचाळीस.

"हे कधीपासून असं आहे?" मॅडमनी विचारलं.

मान खाली घालून उत्तर दिलं ते वीरेंद्रने. त्याने काखेची गोष्ट सांगितली. कोणी हसलं नाही. चिंधूभाऊने मला उचलून काचेच्या फटीतलं सुकलेलं कुंकू पाहिलं. त्याने मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "मंजे थो माल थंडाच होता."

तेवढ्यात डंपर आला. जामसांवलीच्या मारुतीला शनिवारची गर्दी, त्यात तो दीड तास अडकला होता. अतुलसाहेब म्हणाले, रोलर दोनदा जास्त फिरवू, चालून जाईल. मॅडमनी नवा थर्मामीटर काढला, पण खुपसला नाही. चिंधूभाऊकडे वळल्या. "काका, आधी तुम्ही सांगा."

चिंधूभाऊने हात पुढे केला. मालावर धरला, धूर हुंगला, डोळे मिटले.

"एकशे दहा."

नवा थर्मामीटर आत गेला. तीन ठिकाणी. एकशे आठ, एकशे नऊ, एकशे आठ.

"दोन अंशांचा फरक आहे," मॅडम म्हणाल्या. "तेवढं चालतं." आणि डंपर परत पाठवायला सांगितला. अतुलसाहेब कुरकुरले, तर त्या म्हणाल्या की उद्या तुकडा कापला की रस्ता स्वतःच सगळं सांगतो, त्याला गप्प करता येत नाही. डंपर मागे घ्यायला वळणावर माणूस हवा होता. बाकी सगळे कामात होते, म्हणून लाल झेंडी अतुलसाहेबांनी धरली. सोमवारी चिंधूभाऊ आपल्या मुकादमाच्या जागेवरच होता.

मला कलाबाईंनी मागून घेतलं. हल्ली मी टपरीच्या खिळ्याला टांगलेला असतो. गिऱ्हाईक विचारतं, चहा गरम आहे काय, तर त्या माझ्याकडे बोट दाखवतात. माझी नोकरी अजून खोटं सांगण्याचीच आहे. फक्त आता ते सगळ्यांना माहीत आहे.

चिंधूभाऊच्या गावाचा रस्ता अजून तसाच आहे. तिकडून येणाऱ्या टोपल्यांतून रस गळतो. तो रस दिसला की मला तोंड लपवावंसं वाटतं, पण मी सगळा तोंडच आहे.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. आम्हाला हार घालू नका, नारळ फोडू नका. रोज सकाळी उकळत्या पाण्यात बुडवा. पोळतं, पण तीच आमची खरी पूजा. आणि आमच्यापैकी कुणी रोज तुमच्या मनासारखंच बोलू लागला, तर त्याच दिवशी संशय घ्या.

चिंधूभाऊ रोज संध्याकाळी टपरीवर येतो. ग्लास हातात घेण्याआधी एकदा माझ्याकडे पाहतो आणि वाचतो, "एकशे पंचेचाळीस." मग ग्लासावर तळहात धरतो, थोडा थांबतो, आणि पितो.